फिरकीचा तांब्या आणि बार्शी लाईट

आमच्या बार्शीच्या घरी माळ्यावर एक फिरकीचा तांब्या पडलाय. पितळेचा आहे, बुडाला पोचा आलाय, झाकण फिरवलं की दोन आट्यांनंतर अडकतं, मग जोर लावून पुढे न्यावं लागतं. तो आजीचा. आजी कुठंही निघाली, पंढरपूर असो नाहीतर माहेरी लातूरच्या बाजूला, पिशवीत आधी तो तांब्या जायचा, मग लुगडं, मग भाकरी आणि शेंगाची चटणी. स्टेशनवर नळ होता की. पाणी पण चांगलं यायचं. पण आजीनं त्या नळाला कधी हात लावला नाही. मी लहानपणी विचारलं होतं का म्हणून, तर म्हणाली, "परक्या पाण्यानं घसा बसतो." आम्ही पोरांनी ते मेडिकल कारण समजून मान्य करून टाकलं. खरं कारण कळायला बरीच वर्षं गेली, आणि ते काही कौतुकानं सांगावं असं नाही, तरी पुढं सांगतोच.

तर आजी ज्या गाडीनं जायची ती गाडी म्हणजे बार्शी लाईट. आमच्या भागात कुणी तिला नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, वगैरे म्हणायचं नाही. बार्शी लाईट, नाहीतर नुसतं छोटी गाडी. ती इतकी हळू चालायची की माणूस उतरून, आडोशाला जाऊन, परत पळत येऊन चढायचा हा किस्सा तुम्हाला आमच्याकडचा प्रत्येक जण "आमच्या काकानं केलंय" म्हणून सांगेल. सगळ्यांचे काका एकच होते बहुतेक.

दरवर्षी १६ एप्रिल आला की ग्रुपवर पहिल्या रेल्वेचे फॉरवर्ड येतात. १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि मग नाना शंकरशेटांचा फोटो. नाना ग्रेटच होते, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण मला नेहमी वाटतं की त्या चारशे पाहुण्यांना रेल्वे काय चीज आहे ते त्या दिवशी कळलंच नसणार, कारण त्यातल्या एकालाही गाडी बदलावी लागली नाही. बोरीबंदरला बसले, ठाण्याला उतरले, मेजवानी खाल्ली. आमच्यासारख्यांना रेल्वे कळली ती कुर्डुवाडीला, रात्री, पेंगत, ट्रंक डोक्यावर, छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीच्या प्लॅटफॉर्मवर पळताना. या देशाला रेल्वेनं जोडलं असं पुस्तकात असतं ना, ते खरं आहे, पण नुसते रूळ टाकल्यानं नाही जोडलं जात, जोड तिथं बसतो जिथं एक गाडी संपते आणि दुसरी सुरू होते, आणि मधलं ओझं माणूस उचलतो.

अगदी पहिल्यापासून हे असंच आहे. पुण्याची गाडी १८५८ ला सुरू झाली म्हणतात, पण ती खंडाळ्यापासून. खालून मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत यायची आणि मधला बोरघाट चढायचा कसा, तर डोलीत, तट्टावर, नाहीतर सरळ पायी. पाच वर्षं असं चाललं. १८६३ ला घाटातली लाईन उघडली, २५ बोगदे, आणि ३७ फुटाला एक फूट असा चढ. १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० मजूर त्या घाटात काम करत होते. आणि आठेक वर्षांत मेलेल्यांचा आकडा २४,००० च्या आसपास सांगतात. पटकी, ताप, सुरुंग, दरड. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांत गेला, मग त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, कंत्राट पुढं नेऊन काम तडीला नेलं. तिचं नाव आपल्याला माहितीये आणि ते माहीत असायलाच पाहिजे, पण त्या चोवीस हजारांतलं एक नाव मी आजवर कुठं वाचलं नाही. एक सुद्धा.

हे सगळं कशासाठी, तर कापसासाठी. म्हणजे गव्हर्नर जनरल डलहौसीच्या टिपणात सैन्य हलवायचं होतंच, पण लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पाहिजे होता आणि तो घाटमाथ्यावर, वऱ्हाडात, खानदेशात पडलेला, बैलाच्या पाठीवर बंदरापर्यंत येईस्तोवर निम्मा मातेरं व्हायचा. विलायतेतल्या शेअरवाल्यांना सरकारनं ५ टक्के परताव्याची हमी दिली, आणि ती भरायची कुठून, तर इथल्या शेतसाऱ्यातून. म्हणजे नफा झाला तर त्यांचा, तोटा झाला तर आमच्या पणजोबांचा. आजकाल याला फार छान छान नावं आहेत.

१८६० ला लाईन सोलापूरला पोचली आणि बार्शीला बगल देऊन गेली. आता बार्शी म्हणजे तेव्हा काही साधं खेडं नव्हतं. कापसाची, धान्याची, तेलबियांची मोठी पेठ, निम्म्या मोगलाईचा, म्हणजे निजामाच्या मुलखाचा, माल तिथं उतरायचा. पण रूळ गेले २१ मैल लांबून, आणि तिथं जे स्टेशन झालं त्याचं नाव ठेवलं बार्शी रोड. हे 'रोड' प्रकरण रेल्वेनं ज्यांना फसवलंय त्यांनाच कळतं. नाशिक रोड, लातूर रोड, बार्शी रोड. स्टेशनच्या नावात रोड असला की समजायचं गाव इथं नाही, पुढचं तुमचं तुम्ही बघा. हे बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी.

मग जवळजवळ पस्तीस वर्षं तो २१ मैलांचा तुकडा बैलगाड्यांनी ओढला. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुतलं की रुतलंच. १८७६-७७ चा दुष्काळ याच काळात येऊन गेला, आणि त्यात रेल्वेनं काय केलं याचं उत्तर सरळ नाही. गाडीनं धान्य आणलं पण, आणि जिथं भाव चढा मिळाला तिथं व्यापाऱ्यांनी त्याच गाडीनं ते नेलं पण. लाईनजवळच्या गावात निदान धान्य दिसायचं तरी, विकत घेता येवो न येवो. पुढं १८८० मध्ये दुष्काळ आयोगानं सांगितलं की आणखी रेल्वे बांधा, लोकं वाचतील, आणि सरकारनं दुष्काळी भागात लाईनी टाकायचं धोरण घेतलं.

बार्शीला गाडी आणली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या अवलियानं. हा आधी जीआयपीत, म्हणजे मुंबईची मोठी गाडी चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीत, नोकरीला होता. त्याचं डोकं एका गोष्टीवर अडलेलं, की गरीब मुलखाला महागडी रेल्वे परवडत नाही म्हणून रेल्वेच द्यायची नाही हे चूक, रेल्वेच हलकी करा. अडीच फुटी गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), हलके रूळ, आणि एका आसावर पाच टनाच्या वर वजन नाही, मग ते इंजिन असो का डबा, सगळ्यांना एकच नियम. वजन सगळीकडं सारखं पसरलं की हलक्या रुळावरून पण भरपूर माल जातो, एवढं साधं गणित, पण ते साहेबांच्या गळी उतरवायला त्याला बरीच वर्षं घासावी लागली. १८९५ ला लंडनमध्ये कंपनी काढली, इंजिनं लीड्सच्या किटसनकडून, आणि १८९७ ला गाडी बार्शीत. या माणसानं पुढं पॅराशूट पण बनवलं, वैमानिकांसाठी, नाव ठेवलं गार्डियन एंजल. आणि अरबी घोडे पाळायचा. एका जन्मात काय काय करतात लोकं, मला अजून घरातला गिझर बदलायला जमलेलं नाही.

१९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. तीनशे किलोमीटरच्या वर झाली लाईन. कापूस आणायला काढलेली गाडी खरी चालली ती विठोबावर. आषाढी-कार्तिकीला डबे पुरायचे नाहीत, मग मालाच्या वाघिणीत माणसं भरायची. मोठ्या गाडीनं कुठून कुठून आलेले वारकरी कुर्डुवाडीला उतरायचे आणि छोट्या गाडीत कोंबले जायचे. पायी वारीवाले याला वारी म्हणायचे नाहीत, अजून म्हणत नाहीत, पण म्हाताऱ्या-कोताऱ्या बायकांना, ज्यांना महिनाभर घर सोडून चालत जाणं कुणी करू दिलं नसतं, त्यांना या गाडीनं पंढरपूर दाखवलं. आमच्या आजीनं पण गाडीनंच पाहिलं.

कुर्डुवाडीचं ट्रान्सशिपमेंट, म्हणजे एका गाडीतला माल दुसरीत टाकणं, मी पाहिलंय, ऐंशीच्या दशकात, म्हणजे त्याच्या उतरत्या काळात. एका बाजूला मोठ्या गाडीची वाघीण, दुसऱ्या बाजूला छोट्या गाडीची, मध्ये फलाट, आणि पाठीवर पोतं, डोक्यावरून खाली सोडलेलं दुमडलेलं बारदान, अशी हमालांची रांग. फळीवरून चढताना ती फळी लवायची आणि हमाल बरोबर ती वर येतानाच पाय टाकायचा, म्हणजे फळीच त्याला पुढं ढकलायची. मी तासभर ते बघत बसलो होतो. आजोबा म्हणाले होते, "एका लाईनीची रुंदी पाच फूट सहा इंच, दुसरीची अडीच फूट, मधला फरक यांच्या पाठीवर." आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांना असं हिशोबात बोलायची सवय. देशभर तेच होतं. मोठी गाडी १,६७६ मिलिमीटरची, मीटरगेज १,००० ची, आमची ७६२ ची. मिरजेला तर एका काळात तिन्ही गेज एकाच स्टेशनात होते. एक देश, तीन मापं, आणि मधे बारदान घेतलेला माणूस.

आणि एक देश तरी कुठं. लातूर तेव्हा निजामाचं. बार्शी इंग्रजांची, तिथून थोडं पुढं गेलं की मोगलाई लागायची. म्हणजे ही आमची गाडी बालाघाट चढून दुसऱ्या राज्यात जायची, तिथं करोडगिरी लागायची, म्हणजे निजामाची जकात, आणि रुपया पण दुसरा. इकडं कलदार, तिकडं हाली. शंभर कलदारांना हालीचे एकशे सोळाच्या वर मोजायचे. आजोबांचा आयुष्यभराचा धंदा या मधल्या सोळा रुपयांवर चालला असं आजी टोमणा मारायची. टिळकांनी भागीदारीत जिनिंगची फॅक्टरी काढली होती ती या लातुरात, गाडी यायच्या कितीतरी आधी. कापसाला सरहद्द कळत नाही, टिळकांनाही त्या बाबतीत कळत नसावी.

१९४७ ला इकडं झेंडा लागला आणि तिकडं नाही लागला. रझाकारांच्या दिवसांत आजी बारा-तेरा वर्षांची होती. तिच्या गावातली निम्मी घरं रातोरात बार्शीकडं निघाली, सरहद्दीच्या अल्याड लोकांचे आणि कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. गाडी होती, पण गाडीनं कुणी आलं नाही, डबे तपासतात अशी भीती होती म्हणे. बैलगाडीनं आले, आडरानातून, रुळाला डाव्या हाताला ठेवून, म्हणजे वाट चुकायला नको. मला ते चित्र फार डोक्यात राहिलंय. गाडीत बसायचं नाही पण रूळ सोडायचा नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, पाच दिवसांत निजाम शरण आला, आणि आजी माहेरी परत गेली ती मात्र गाडीत बसून. पुढं लग्न होऊन त्याच गाडीनं बार्शीला आली. आणि गंमत बघा, देश स्वतंत्र, हैदराबाद विलीन, पण बार्शी लाईट अजून लंडनच्या कंपनीचीच. ती सरकारनं ताब्यात घेतली १ जानेवारी १९५४ ला.

आता तांब्याचं.

मार्क्सनं १८५३ मध्येच, म्हणजे बोरीबंदरची गाडी सुटली त्याच साली, लिहून ठेवलं होतं की रेल्वेमागून उद्योग येतील आणि हिंदुस्थानातली जात त्यात विरघळेल. तो काही एकटा नव्हता, बऱ्याच साहेबांना तसं वाटायचं, एका बाकड्यावर शेजारी शेजारी बसले की झालं. बाकड्यावर लोकं बसली, ते खरंय. तिकीट काढलं की बाकडं सगळ्यांचं, रेल्वेनं जात विचारून तिकीट दिलं नाही, आणि ही गोष्ट अजिबात छोटी नाही. पण लोकांनी बाकडं मान्य केलं आणि पाणी राखून ठेवलं. देशभरात कितीतरी स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगळे माठ, वेगळे पाणीवाले होते, स्वातंत्र्याच्या तोंडापर्यंत. आणि ज्यांना या दोन्ही माठांजवळ जागा नव्हती त्यांचं काय ते कुठल्या पाटीवर लिहिलेलंच नव्हतं.

१९०१ ला साताऱ्याहून गाडीनं प्रवास करून काही पोरं मसूर स्टेशनवर उतरली. नवे कोरे शर्ट, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, खिशात तिकिटं. वडील कोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते, तिकडं जायचं होतं. वडिलांचा निरोप्या आला नाही म्हणून स्टेशनमास्तर चौकशीला आला, कपडे बघून चांगल्या घरची पोरं वाटली असणार. तुम्ही कोण विचारल्यावर त्यातल्या एकानं, नऊ-दहा वर्षांच्या भीमरावानं, सरळ सांगून टाकलं की आम्ही महार. मास्तरचा चेहराच पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढं एक बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला तो या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. डबा भरलेला होता, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. ही आठवण आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलीये. मी ती वाचली तेव्हा माझं लक्ष एका गोष्टीवर अडकलं, की रेल्वेच्या डब्यात त्या पोरांना कुणी काही बोलल्याचं त्यात नाही. सगळं सुरू होतं ते फलाटावर, गाडी बदलायच्या जागी. डब्यापुरता देश एक झाला होता, खाली पाय ठेवला की संपला.

मसूर आमच्यापासून काही फार लांब नाही.

तर आजीचं "परकं पाणी" ते हे. आत्यानं मला सांगितलं, मी पंचविशीचा झालो तेव्हा, आणि ते सुद्धा हसत हसत. नळाची तोटी आधी कुणी धरली असेल काय माहीत, म्हणून तांब्या. गाडीत शेजारी बसलेल्या बाईशी आजी सगळं बोलायची, तिच्या पोराला मांडीवर घ्यायची, आपली चटणी तिला द्यायची. पण तिनं पाणी पुढं केलं तर "आत्ताच प्याले" म्हणायची. मी रेल्वेचं गुणगान ऐकतो तेव्हा मला आजीचं ते "आत्ताच प्याले" ऐकू येतं. रागावू तरी किती. ती मला फार आवडायची, आणि ती असं करायची. दोन्ही खरं आहे.

गांधींनी १९०९ मध्ये रेल्वेवर तोंडसुख घेतलं, म्हणाले रेल्वेमुळं प्लेग पसरतो, दुष्काळ वाढतो, आणि मग उरलेलं आयुष्य थर्ड क्लासनं देश पालथा घातला. मला हे विसंगत वाटत नाही. आपल्याकडं ज्यानं रेल्वेला शिव्या घातल्या नाहीत तो रेल्वेनं फिरलेलाच नाही.

बार्शी लाईट गेली. टप्प्याटप्प्यानं मोठे रूळ आले, २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज झालं, नवीन मार्ग वळवून धाराशिव शहराला पण घेतलं. आता मी पुण्यातून रात्री बसतो, कुर्डुवाडी कधी येते कळत सुद्धा नाही, कुणी उठत नाही, ट्रंक नाही, पळापळ नाही, प्रत्येकाच्या उशाला सीलबंद बाटली. फिरकीचा तांब्या आता थोड्या पैशात मिळतो आणि सगळ्या जातीचे लोक तो वापरतात असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडंठाक, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली. (मांजऱ्याच्या खोऱ्यात इतका ऊस कुणी लावला, हा प्रश्न त्या वर्षी सगळ्यांनी विचारला आणि पुढच्या पावसाला सगळे विसरले.) राजस्थानातल्या कोट्याहून टँकरच्या वाघिणी मागवल्या, आतून साफ केलेल्या, एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर. मिरजेला हैदरखान विहिरीवरून कृष्णेचं पाणी त्यात भरलं आणि ११ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी निघाली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. नीट बघा, ही कॅल्थ्रॉपचीच वाट, फक्त रूळ रुंद झालेले. मोठे रूळ नसते तर मिरजेचं पाणी मिरजेलाच राहिलं असतं, कारण पन्नास हजार लिटरला बारदान लावून पाठीवर घेता येत नाही. पाच लाख लिटर आलं, चार-पाच लाखांच्या गावाला. म्हणजे माणशी साधारण लिटर, आजीच्या तांब्याएवढं. नंतर पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पावसाळ्यापर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या.

आत्या लातूरला असते. तिच्याकडं आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. गाडीचं पाणी पहिल्यांदा आलं त्या दिवशी तिनं पिंप, बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरून ठेवलं आणि मग बार्शीला फोन लावला. मी तेव्हा बार्शीतच होतो. आजी ऐंशीच्या पुढं गेलेली, टीव्हीसमोर खाटेवर. मी फोन स्पीकरवर टाकला.

आत्या म्हणाली, "आई, पाणी आलं बघ, रेल्वेचं."

"कुठलं गं?"

"मिरजेचं. हैदरखान विहीर का काय म्हणतात, तिथलं."

आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. टीव्हीवर तीच गाडी चालली होती, लांबच लांब, टाक्याच टाक्या. मग विचारलं, "येताना पंढरपुरावरनं आलं ना?"

"हो, त्याच लाईनीनं."

"मग चालतंय की," आजी म्हणाली.